नवतप्यातला गारवा आणि कोराडीची राख



नागपूरच्या नवतप्यात रात्री दहा वाजता आपल्या फ्लॅट स्कीमच्या मागच्या बोळात उभे राहून पाहा. दिवसभर तापलेले स्लॅब आणि डांबर धग सोडत असतातच, वरून आपले एसी त्यात भर घालतात. दीड टनाचा एसी खोलीतली सव्वापाच किलोवॉट उष्णता उचलतो, स्वतः दीड किलोवॉटच्या आसपास वीज खातो आणि हे सगळं मिळून बाहेर फेकतो. बोळापलीकडे टिनाच्या छपराखाली, दार उघडं टाकून माणसं झोपतात. आपला गारवा त्यांच्या उशाशी गरम होऊन जातो. हा अन्याय आहे.

आणि वीज? महाराष्ट्रात ती आजही मुख्यतः कोळशाची. एका युनिटमागे अंदाजे 700 ग्रॅम कोळसा जळतो, त्यातला तिसरा हिस्सा राख. एसीचा कॉम्प्रेसर रात्रभर, आठ तास सलग चालला तर आठ किलो कोळसा आणि अडीच-तीन किलो राख. एका खोलीची, एका रात्रीची! ही राख कुठे जाते ते कोराडीच्या वीज केंद्राच्या शेजाऱ्यांना विचारा. जुलै 2022 मध्ये त्या केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, चिखल शेतांत आणि नाल्यांत शिरला. तरीही कोराडीला 660 मेगावॉटचे आणखी दोन संच आणायचे म्हणून मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली. विजेची मागणी वाढली, हेही कारण पुढे केलं जातं. ती मागणी आपण वाढवतो.

घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा आजारी कोणी असेल, तर 46 अंशांत एसी ही चैन नव्हे. तो जरूर लावा. पण 18 वर लावून गोधडी पांघरायची? 2020 पासून नवे एसी सुरू होताना 24 अंशांवरच असावेत असा केंद्राचा नियम आहे. एकेक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. पंखा सोबत ठेवला तर 26 वरही झोप लागते.

विदर्भाची हवा कोरडी, म्हणून इथे कूलर मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. वाळ्याच्या ताट्या, टाक्यात पाणी, वीज दोनशे वॉटच्या आसपास. कूलरला पाणी लागतं, हे खरं, आणि पाऊस पडला की तो निकामी होतो, हेही खरं. पण एप्रिल-मे त्याचेच. मग काही सोसायट्या दर्शनी भाग खराब दिसतो म्हणून खिडकीत कूलर का लावू देत नाहीत? बिल्डर पश्चिमेला सज्जा न देता नुसती काच का बसवतात?

येत्या रविवारी सोसायटीच्या बैठकीत दोनच ठराव मांडा. खिडकीतल्या कूलरवरची बंदी उठवा. आणि ऊन परतवायला होळीच्या आत गच्चीला पांढरा चुना मारा. उरलेल्या चुन्याचे दोन डबे बोळापलीकडच्या छपरांसाठी द्या.