व्यक्तिमत्त्व शिबिरात घडत नाही

मे महिना आला की 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिरांचे पेव फुटते. दोन दिवस 'मी करू शकतो' असे घोकले की मूल घडले, ही समजूत आम्हांला मान्य नाही. आणि जिच्या नावाने ती खपवली जाते, त्या मानसशास्त्रालाही नाही.

मोठ्या माणसाने बाहुलीला बडवलेले पाहून मुलेही तिला तसेच बडवतात, हे अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली प्रयोगाने दाखवले. पुढे १९७७ साली त्यांनी मांडले की स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास सर्वाधिक बळावतो तो स्वतः पार पाडलेल्या कामातून. नुसत्या शब्दांचे बळ त्यामानाने तोकडे. ज्या मुलाला आपण घरात चहाचे आधणही ठेवू देत नाही, त्याला घोषणा काय तारणार?

कार्ल रॉजर्स यांनी विनाअट स्वीकाराचा आग्रह धरला. अटींवर मिळालेल्या मायेने मूल स्वतःलाच पारखे होते, असे त्यांचे प्रतिपादन. स्वीकार म्हणजे लाड नव्हेत. चुकीला चूक जरूर म्हणावे. मुलाला नालायक म्हणू नये.

आणि आम्ही पालक? सकाळी शिबिराचे शुल्क भरतो, रात्री ताटावर शेजारच्या मुलाचे गुण मोजतो. शिबिराने दोन दिवसांत उभारलेले आम्ही एका घासात पाडतो.

तेव्हा घरातले एक काम मुलाच्या हाती सोपवू या. ते बिघडले, तर न रागावता पुन्हा त्याच्याच हाती देऊ या. याला शुल्क नाही. मात्र आमचा संयम खर्ची पडतो, आणि नेमका तोच खर्च आम्ही टाळत आलो आहोत.