आरसा गेला, लेन्स राहिली

गेल्या महिन्यात निकॉनचा जुना डी ७००० बाजूला ठेवून झेड ५० घेतला. आत आरसा नाही, त्यामुळे अंगाने हलका. आणि फोटो उजळ येणार की काळवंडणार, हे बटण दाबण्याआधीच दिसते. भाचीच्या निकाहात शटरचा आवाज बंद ठेवला. खुत्बा चालू असताना एकानेही मान वळवली नाही! मात्र काही एलईडी दिव्यांखाली या मूक शटरने फोटोवर पट्टे उमटतात; तिथे नेहमीचेच बरे.

खरी मेख लेन्सची. माझी ५० मिमीची जुनी ‘डी’ लेन्स एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर बसते, पण आपोआप फोकस होत नाही. तिला फिरवणारी मोटर डी ७०००च्या पोटात होती. ती ना झेड ५०मध्ये आहे, ना अ‍ॅडॉप्टरमध्ये. अम्मींचे फोटो मी अजून त्याच लेन्सने, हाताने फोकस करून काढतो. त्यांना घाई नसते. पळत्या नातवंडांपुढे मात्र तिचे काही चालत नाही. तेव्हा पैसे मोजण्याआधी घरातल्या लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिले आहे का, ते पाहून घ्या. आणि बॅटरी एक जादा घ्या. पडदा सतत चालू असतो, ती लवकर उतरते.