बुडालेलं गाव आणि टोपोशीट

दिवाळीला जिंतूरला गेलो होतो. शेजारचे काका लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाले, "आमचं गाव काढून दाखव बरं." त्यांचं गाव पूर्णेच्या काठचं, येलदरी धरणात गेलेलं. धरण पूर्ण झालं १९६८ साली. उपग्रहाचं चित्र कितीही मोठं केलं तरी नुसतं पाणीच! काका काही बोलले नाहीत, चहा संपवून निघून गेले...

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय - जुने नकाशे.

विल्यम लॅम्टनने एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेतली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ साली मोजणीच्या वाटेवरच, आपल्या हिंगणघाटला वारला. अशाच त्रिकोणांच्या सांगाड्यावर पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभराचे टोपोशीट काढले. जिंतूरचं शीट ५६ ए/१०. म्हणजे एक अंश लांब-रुंद चौकटीचे सोळा तुकडे, त्यातला दहावा. काय सुंदर इंडेक्सिंग आहे बघा!

आता गंमत ऐका. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे केले, तेही मुख्यतः आपल्याच नकाशांवरून. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते स्कॅन करून नेटवर फुकट ठेवलेत. पण त्यात एका सेंटीमीटरमध्ये अडीच किलोमीटर मावतात. काकांचं गाव म्हणजे फार तर एक टिंब! ओढा, विहीर, पायवाट बघायची तर एक इंचाला एक मैल प्रमाणाचं, धरणाआधीचं शीटच हवं.

आपल्याकडे २००५ च्या धोरणाने लष्कराचे नकाशे वेगळे आणि जनतेचे वेगळे केले. २०२१ मध्ये नियम बरेच सैल झाले, छान झालं. पण सगळी चर्चा ड्रोन, ॲप आणि स्टार्टअपची. माझं म्हणणं एवढंच की जुन्या शीटांची प्रत्येक आवृत्ती स्कॅन करून सर्वांना फुकट द्या. सुरक्षेचं म्हणाल, तर पन्नासहून जास्त वर्षं पाण्याखाली असलेल्या गावाच्या नकाशाने कुणाला कसला धोका? ज्यांनी गाव दिलं, त्यांना निदान त्याचा कागद तरी मिळावा.

असो. निघायच्या आदल्या दिवशी काकांना एक मोठा कागद आणि पेन्सिल देऊन आलो. वेस, मारुती, नदीची उतरण... आठवेल तसं काढताहेत.