बालगीतातील सूर्य आणि पाठभेदाचा प्रश्न

विज्ञान शिकविणारे बालगीत कालबाह्य ठरले, तर ते टाकून द्यावे, दुरुस्त करावे की जसेच्या तसे गात राहावे? प्रश्न वरकरणी किरकोळ भासतो. पाठचिकित्सेच्या दृष्टीने तो मूलभूत आहे.

१९५९ मध्ये अमेरिकेत हाय झॅरेट (गीते) आणि लू सिंगर (संगीत) यांची 'स्पेस साँग्ज' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीतील एका गीतात सूर्याला तप्त वायूचा पुंज म्हटले होते. 'दे माइट बी जायंट्स' या गायकवृंदाने १९९३ मध्ये ते पुन्हा गायिले. २००९ मध्ये याच वृंदाने मुलांसाठीच्या संग्रहात ते गीत कायम ठेवले आणि त्यालगत सूर्य वायू नसून प्लाझ्मा आहे, असे सांगणारे नवे गीत दिले. चूक लपविली गेली नाही. तिचे उत्तर शेजारी ठेवले गेले.

मराठी परंपरेत याहून वेगळा आदर्श आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले. काव्यग्रंथाबाबत हा दंडक योग्यच होय. माहिती देणाऱ्या गीताला तो लावता येत नाही. अर्थात चांदोबाला हाक मारणारे पारंपरिक गीत कोणताही शास्त्रीय दावा करीत नाही. म्हणून २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तरी ते शिळे होत नाही. ग्रह मोजणारे गीत मात्र २००६ मध्ये प्लूटोचे ग्रहपद जाताच चुकते. मराठी कानाला तर 'नऊ' हा आकडा नवग्रहांमुळे आधीच परिचित. त्या नवांत सूर्य, चंद्र, राहू, केतूही येतात आणि पृथ्वी येत नाही. दोन भिन्न गणना एकाच आकड्याखाली मिसळतात. गीतातील आकडा गुपचूप बदलल्यास हा गोंधळ मिटत नाही, केवळ झाकला जातो.

म्हणून पुनर्गायन हा पाठभेद मानून जुना व नवा पाठ सालासह शेजारी ठेवावा. त्यामुळे ज्ञान दुरुस्त होत असते, हे मुलाला गाण्यातूनच उमगेल. मराठी, तेलुगू, कन्नड घरांतील मुले एकाच वर्गात बसतात त्या सोलापुरात गीते भाषांच्या सीमा सहज ओलांडतात आणि ओलांडताना बदलतात. येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ती कोणी, कोठे, केव्हा गायिली याची नोंद आज केली नाही, तर उद्या केवळ शेवटचा पाठ हाती उरेल आणि तोच मूळ समजला जाईल.