एको नेमका कुठे घालायचा?

मारतहळ्ळीच्या आमच्या इमारतीत गिटारला संध्याकाळी सात ते साडेआठ एवढाच वेळ मिळतो. त्याआधी लेकीचा क्लास असतो आणि त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या काकांची अमेरिकेची मीटिंग. या दीड तासासाठी आम्ही दिवाळीत एक जुना, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेतला. २० वॅटचा. "एवढ्याशा वॅटचा तर बल्ब असतो," असं मी म्हणालो होतो. पहिल्याच दिवशी कपाटातले ग्लास किणकिणले.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. लेकीकडे मल्टी-इफेक्ट्स आहे, म्हणजे वाह, कोरस, एको, रिव्हर्ब सगळं एकाच पायाजवळच्या पेटीत. गिटार पेटीत आणि पेटी अ‍ॅम्पच्या पुढच्या तोंडाला, अशी तिची जोडणी होती. साध्या आवाजात सगळं गोड वाजे. अ‍ॅम्पचा गेन वाढवून आवाज फाटका केला, की एकोचा नुसता चिखल. पेटी विकून वेगवेगळे पेडल घ्यायचे, असं तिच्या मनाने घेतलं. किमती ऐकून मी गप्प झालो.

तेवढ्यात मिरजेहून नाना आले, राणी चन्नम्मा एक्सप्रेसने. उमेदीच्या काळात त्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेले. अ‍ॅम्पच्या मागे टॉर्च मारून त्यांनी विचारलं, "अगं, ही सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं रिकामी का?"

"नाना, ती मी कधी वापरलीच नाहीत."

गोम तिथेच होती. अ‍ॅम्पचे दोन भाग असतात. प्रीअ‍ॅम्प गिटारचा क्षीण सिग्नल वाढवतो, आणि गेन चढवला की आवाज तिथेच फाटतो. पुढचा पॉवर अ‍ॅम्प स्पीकर हलवतो. सेंड-रिटर्न म्हणजे या दोघांमधलं दार, ज्याला इफेक्ट्स लूप म्हणतात. एको पुढून दिला, तर प्रत्येक प्रतिध्वनी प्रीअ‍ॅम्पमध्ये जाऊन पुन्हा फाटतो. शिवाय फाटलेल्या आवाजात लहानमोठं फारसं उरत नाही, त्यामुळे विरत जायला हवे ते प्रतिध्वनी मूळ सुराच्या बरोबरीने ओरडतात. लूपमध्ये आधी आवाज फाटतो आणि मग त्याच्या स्वच्छ नकला निघतात. "कोथिंबीर फोडणीत घातलीत होय इतके दिवस!" स्वयंपाकघरातून शेरा आला. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

पण वाह आणि कॉम्प्रेसर पुढेच शोभतात. मग पेटीचे दोन तुकडे कसे करायचे? पेटीला स्वतःचे सेंड-रिटर्न असतील, तर चार केबल पुरतात. गिटार पेटीच्या इनपुटला, पेटीचा सेंड अ‍ॅम्पच्या इनपुटला, अ‍ॅम्पचा सेंड पेटीच्या रिटर्नला आणि पेटीचं आउटपुट अ‍ॅम्पच्या रिटर्नला. लहान पेट्यांना ही सोय नसते. त्या मग अख्ख्या लूपमध्ये घालाव्यात आणि एको, रिव्हर्ब, कोरस यांपुरत्याच वापराव्यात.

पेटीतली अ‍ॅम्पची आणि स्पीकरची नक्कल बंद करायला आम्ही पहिल्या दिवशी विसरलो होतो. आवाज घोंगडीआडून आल्यासारखा. लूपचा सिग्नल कधी गिटारइतका नाजूक असतो, कधी बराच जोरकस. पेटीत किंवा अ‍ॅम्पवर त्याचं बटण असेल तर ते जुळवायचं, नाहीतर पेटी स्वतःच करकरते. लूप समांतर असेल, म्हणजे अ‍ॅम्प मूळ आवाज स्वतःच पुढे पाठवत असेल, तर पेटीतला मिक्स पूर्ण इफेक्टवर ठेवायचा. आणि चार केबलमुळे गुणगुण सुरू झाली, तर पेटी आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डवर लावून पाहावं. अर्थिंगची पिन काढायची नाही. गुणगुण जाईलही, पण शॉक बसला तर जिवावर बेतेल.

सगळ्याच अ‍ॅम्पना लूप नसतो. फेंडरच्या ब्लूज ज्युनियरला नाही. लूप येण्याआधी कितीतरी वादक टेप एको सरळ पुढूनच जोडत आणि सुंदर वाजवत. अ‍ॅम्प फार फाडायचा नसेल, तर आजही काही बिघडत नाही.

आम्हाला एक फायदा अनपेक्षित मिळाला. पेटीचं आउटपुट कमी केलं की प्रीअ‍ॅम्पचा फाटका आवाज तसाच राहतो, फक्त खोलीतला दणका उतरतो. परवा पावणेनऊपर्यंत वाजवलं तरी खालच्या काकांचा फोन आला नाही.

मिरजेला परतताना नानांनी लेकीला दोन गोष्टी बजावल्या. स्पीकरची तार जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि मागची जाळी कधीही उघडायची नाही. आत शेकडो व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही वेळ दबा धरून बसतात. मग उजव्या हाताच्या बोटावरचा जुना पांढरा डाग त्यांनी तिला दाखवला.