गुंठ्यांचा बाजार

शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील माळ आणि भातखाचरे गुंठ्याच्या भावाने विकली जात होती. जमिनीचा कस वाढला नव्हता, की तिच्यावर कोणी घमेलेभर मातीही टाकली नव्हती. वाढला तो केवळ भाव. आणि तो वाढविला पूल, विमानतळ व रस्ते यांवरील सार्वजनिक खर्चाने. मालकाच्या पदरात विनासायास पडणाऱ्या अशा वाढीवर समाजाचा हक्क आहे, हे जॉन स्टुअर्ट मिलने एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. ते पटण्यासाठी समाजवादी असावे लागत नाही.

ही वाढ मूळ शेतकऱ्याच्या हाती राहिली असती, तरी एक वेळ समजून घेता आले असते. चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप करून खोतशाहीशी झुंज दिली. पुढे १९४८च्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरविला आणि कसणारा मालक मानला गेला. त्याच कायद्याच्या ६३व्या कलमाने बिगरशेतकऱ्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेण्यास बंदी केली. या बंदीला वळसा घालण्यासाठी साठेखत आहे, कुलमुखत्यारपत्र आहे, शेतकरी असलेल्या कुणाचे तरी नाव आहे. लग्न वा आजारपण निघाले की शेतकरी पहिल्या भावाला विकतो; थांबण्याची ऐपत असलेला दुसरा-तिसरा खरेदीदार खरा नफा घेतो.

येथे एक भेद विसरता कामा नये. शहराच्या कडेला एक-दोन गुंठे घेऊन घर बांधणारा गिरणी कामगार किंवा रिक्षाचालक हा सट्टेबाज नव्हे. परवडणारे घर नसल्यामुळे तो गुंठेवारीकडे ढकलला गेला. २००१च्या गुंठेवारी कायद्याने त्याला दिलासा दिला, हे योग्यच झाले. परंतु नियमितीकरणाची मुदत २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी वाढविली गेली. अशा प्रत्येक मुदतवाढीतून पुढचे बेकायदा भूखंड पाडणाराही आपला बोध घेत असतो.

१९७६चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा सवलतींच्या वाटेने पोखरला गेला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये महाराष्ट्राने तो रद्द केला. त्याची जागा कशानेही घेतली नाही. विकास शुल्क बांधकाम करणाऱ्याकडून घेतले जाते. जमीन नुसती अडवून बसणाऱ्याला मात्र नाममात्र आकार भरला की पुरते. म्हणजे घर बांधणाऱ्यावर बोजा, आणि भाव चढण्याची वाट पाहणाऱ्याला मोकळीक! अधिसूचित विकासक्षेत्रातील, न कसलेल्या व न बांधलेल्या खाजगी जमिनीवर बाजारमूल्यानुसार दरवर्षी वाढता कर बसविला पाहिजे. स्वतः कसणारा त्यातून पूर्णतः वगळावा.

उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी २०२४ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास नवनगर प्राधिकरण नेमण्यात आले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. त्यांपैकी किती भूखंड मूळ कुटुंबांकडे उरले, याची गाववार पाहणी कार्यकर्त्यांनी आता हाती घ्यावी. या १२४ गावांतील अलीकडच्या खरेदीखतांचीही तशीच नोंद हवी, आणि ती नवनगराचा आराखडा कायम होण्यापूर्वी हवी.