सोन्याच्या नाण्याचे खरे मोल

सिंदी मेघेत एखाद्या जुन्या घराचा पाया खणताना तुम्हाला सोन्याचे नाणे सापडले, तर काय कराल? घासूनपुसून सोनाराकडे न्याल ना? माझ्या मते, याहून मोठी चूक नाही.

स्पेनने अमेरिकेतील आपल्या वसाहतींत सोन्याचांदीची नाणी पाडली. आठ एस्कुदोचे सोन्याचे नाणे सुमारे २७ ग्रॅम भरे. त्यांवर टांकसाळीची खूण असे, धातू पारखणाऱ्याची आद्याक्षरेही असत. १७१५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळात स्पेनची ११ खजिनावाहू जहाजे बुडाली. त्यांतील नाणी कोणत्या टांकसाळीतली, हे या खुणांवरूनच कळते. स्पेनचे चांदीचे रियाल मात्र व्यापाऱ्यांबरोबर सुरतेपर्यंत येत आणि तेथे वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. चांदी उरली, पण तिच्या प्रवासाची हकीकत मुशीत गेली! आपल्या शिवछत्रपतींचे सोन्याचे होनही आज अगदी थोडे उरले आहेत.

नाण्याइतकीच त्याची जागाही बोलकी असते. आपल्या जवळच, धाम नदीकाठी पवनारला १९६७ साली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. अशा कामात मातीचे थर एकेक करून तपासतात. न विस्कटलेल्या थरात नाणे मिळाले, तर तो थर त्या नाण्याहून जुना नाही, एवढे नक्की ठरते. नाणे उचलून खिशात टाकले, की हा पुरावा संपला.

सोने खरे की खोटे, हे पाहण्यासाठीही ते घासावे लागत नाही. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५. नाण्याचे हवेतले व पाण्यातले वजन घेतले, की घनता काढता येते.

कोणी म्हणेल, "गरिबाने हाती आलेले सोने का सोडावे?" प्रश्न रास्त आहे. परंतु १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते; आणि त्यावर कोणाची मालकी सिद्ध झाली नाही, तर शोधणाऱ्याला वाटा देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तेव्हा लपवण्याचे कारण काय?

छंदच जोपासायचा, तर आजीच्या डब्यातल्या जुन्या पैशांपासून सुरुवात करा. प्रत्येक नाणे कोठून व कोणाकडून मिळाले, ते वहीत लिहा. ती वही नसेल, तर तुमच्याजवळ असेल तो नुसता धातू!